कॅल्शियम, पीटीएच आणि मानेतले चार दाणे: रिपोर्ट हातात घेऊन लोक मला विचारतात ते प्रश्न

मी ठाण्यात नौपाड्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २५ वर्षं टेक्निशियन होते. रक्त घ्यायचं, नमुने मशीनवर लावायचे, रिपोर्ट काढायचे. डॉक्टर नाहीये मी, त्यामुळे औषध सांगणार नाही. पण आता घोडबंदर रोडला राहते आणि सोसायटीतलं कोणी ना कोणी लिफ्टमध्ये, नाहीतर खाली भाजीच्या गाडीपाशी रिपोर्टचा फोटो दाखवतंच, ताई हे कॅल्शियम बघा ना म्हणून. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

ताई, कॅल्शियम ९.४ आलंय, नॉर्मल आहे, म्हणजे माझी हाडं चांगली आहेत ना?

त्यावरून हाडांचं काहीच कळत नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. आपल्या शरीरात साधारण १ किलो कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात आणि पेशींच्या बाहेरच्या पाण्यात मिळून जेमतेम १ ग्रॅम. रिपोर्टमध्ये दिसतं ते या एवढ्याशा ग्रॅममधलं.

सोसायटीची गच्चीवरची टाकी आणि खालची टाकी डोळ्यापुढे आणा. नळाला पाणी व्यवस्थित येतंय कारण पंप खालून वर पाणी चढवतोय, खालची टाकी अर्धी झाली, पाव झाली तरी नळ चालूच असतो, तुम्हाला घरात बसून पत्ता लागत नाही. रक्त म्हणजे वरची टाकी, हाडं म्हणजे खालची. रक्तातलं कॅल्शियम कमी पडायला लागलं की शरीर हाडातून काढतं आणि आकडा ८.५ ते १०.५ च्या मध्ये धरून ठेवतं (लॅबप्रमाणे ही रेंज थोडी इकडेतिकडे असते). त्यामुळे हाडं पार ठिसूळ झालेल्या बाईचं रक्तातलं कॅल्शियमसुद्धा एकदम छान येऊ शकतं. हाडांसाठी वेगळी टेस्ट, डेक्सा स्कॅन.

एवढं काटेकोर सांभाळायची गरज काय शरीराला?

कारण नसेतून जाणारा सिग्नल, स्नायू आवळणं, हृदयाचा ठोका, रक्त गोठणं, सगळं कॅल्शियमवर चालतं. कमी झालं की नसा उगाचच पेटायला लागतात, मुंग्या येतात, बोटं आखडतात, फिटसुद्धा येते. जास्त झालं की उलट, सगळं मंद, बद्धकोष्ठता, सुस्ती, डोकं चालत नाही, तहान तहान होते, सारखं लघवीला लागतं. ईसीजीमध्येही फरक दिसतो दोन्हीकडे.

मग हे सांभाळतं कोण?

मानेत थायरॉइडच्या मागच्या बाजूला चार छोट्या ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. साधारण तांदळाच्या दाण्याएवढी एकेक, वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. चारही मिळून चिमूटभर नाही. मला इतकी वर्षं या कामात राहूनही याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

या दाण्यांच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारे रिसेप्टर असतात. रक्तातलं कॅल्शियम जरा जरी खाली आलं की काही सेकंदांत हे पीटीएच म्हणजे पॅराथायरॉइड हॉर्मोन सोडतात. मग पीटीएच काय करतं, तर एक म्हणजे हाडातून कॅल्शियम सोडवतं, दुसरं किडनीला सांगतं की लघवीतून कॅल्शियम वाया घालवू नको आणि फॉस्फरस मात्र बाहेर टाक, आणि तिसरं म्हणजे किडनीतच व्हिटॅमिन डी चं चालू रूप तयार करायला लावतं, ते रूप मग आतड्यात जाऊन जेवणातलं कॅल्शियम जास्त ओढून घेतं. कॅल्शियम जागेवर आलं की दाणे गप्प बसतात. पीटीएच रक्तात फार टिकतही नाही, दोन-चार मिनिटांत निम्मं होतं, म्हणूनच इतकं बारीक नियंत्रण जमतं.

कॅल्सिटोनिन नावाचं अजून एक हॉर्मोन आहे, थायरॉइडमधून येतं, १९६२ मध्ये सापडलं, कॅल्शियम खाली आणतं. पण माणसात त्याचं महत्त्व कमी. अख्खी थायरॉइड काढली तरी कॅल्सिटोनिनवाचून काही अडत नाही.

एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. ही पॅराथायरॉइड ग्रंथी पहिल्यांदा दिसली ती माणसात नाही, गेंड्यात, आणि तोही आपला भारतीय एकशिंगी गेंडा! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो मेला आणि १८५० च्या सुमारास रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन करताना मानेत एक छोटी पिवळसर ग्रंथी नोंदवली. माणसात नीट शोधून काढली ती १८८० मध्ये स्वीडनमधल्या ईवार सँडस्ट्रॉम यांनी, ते तेव्हा विद्यार्थी होते.

मला थायरॉइड आहे, म्हणजे हेच ना?

नाही. नाव सारखं, शेजार एक, काम पूर्ण वेगळं. थायरॉइडच्या टीएसएच टेस्टमध्ये पॅराथायरॉइडचं काही दिसत नाही.

कॅल्शियम ११ आलंय. दूध आणि कॅल्शियमची गोळी बंद केली, आता होईल ना कमी?

इथे मला थांबून बोलायचंय, कारण हे आमच्या घरात घडलंय.

माझी मावशी वाशीला राहते. मुतखडा तीन वेळा झाला, गुडघे दुखायचे, पाठ दुखायची, पोट साफ नाही, दुपारी नुसती पडून असायची. सगळे म्हणायचे वय झालं, पाळी गेल्यावर असंच होतं, आणि कॅल्शियमची गोळी चालू. तिच्या जुन्या रिपोर्टची प्लास्टिकची पिशवी मी एका रविवारी जमिनीवर पसरून तारखेप्रमाणे लावली तेव्हा बघते तर काय, १०.९, ११.१, ११.२, ११.४, सहा वर्षांत चार वेळा कॅल्शियमपुढे तो वाढल्याचा छोटा बाण छापलेला, आणि ज्यांना ज्यांना तिने दाखवलं त्यांच्यापैकी एकानेही त्यावर बोट ठेवलं नव्हतं. मी स्वतः लॅबमध्ये बसून रोज असे बाण छापत होते आणि घरातला बाण मला सहा वर्षांनी दिसला. पीटीएच केलं तर १८६. नॉर्मल साधारण १५ ते ६५.

तर उत्तर असं, की निरोगी माणसाचं कॅल्शियम नुसत्या दुधाने, चीजने वाढून बसत नाही, दाणे ठीक असतील तर ते गप्प बसतात आणि जास्तीचं बाहेर जातं. आकडा वाढलेला असेल तर पहिलं काम म्हणजे परत तपासणं आणि सोबत पीटीएच करणं, त्याच वेळच्या रक्तातून. इथून दोन वाटा फुटतात.

कॅल्शियम जास्त आणि पीटीएचही जास्त, तर दाण्यांपैकीच कोणीतरी बिघडलंय. याला प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. इथे एक मेख आहे, कॅल्शियम ११ असताना पीटीएच ४८ आलं तर रिपोर्टवर नॉर्मल छापून येतं पण ते नॉर्मल नाहीये, कारण कॅल्शियम इतकं वर असताना पीटीएच अगदी तळाशी दबलेलं असायला हवं. लोक हा रिपोर्ट बघून निर्धास्त होतात, तसं होऊ नका.

कॅल्शियम जास्त आणि पीटीएच दबलेलं, तर दाणे आपलं काम बरोबर करतायत, कारण दुसरीकडे आहे. काही कॅन्सर (मायलोमा हा हाडांच्या मगजाचा कॅन्सर त्यातलाच), टीबी किंवा सारकॉइडोसिसच्या गाठी (त्या गाठी स्वतःच चालू व्हिटॅमिन डी बनवतात), नाहीतर व्हिटॅमिन डी चा ओव्हरडोस. हे सगळं लवकर शोधायचं असतं, महिनाभर थांबायचं नसतं.

बीपीच्या काही पाण्याच्या (म्हणजे लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या आणि मानसिक आजारात देतात ते लिथियम यांनीही कॅल्शियम वर सरकतं, म्हणून चालू गोळ्यांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवा. आणि काही घराण्यांत तो रिसेप्टरच जरा वेगळा असतो, कॅल्शियम जन्मभर थोडं जास्त राहतं, त्रास बहुतेक काही नाही आणि ऑपरेशनचा उपयोगही नाही. हे ओळखायला २४ तासांची लघवी गोळा करतात, त्यात कॅल्शियम कमी निघतं. तो पाच लिटरचा कॅन घरात ठेवायचा लोकांना कंटाळा येतो, पण यानेच नको असलेलं ऑपरेशन टळतं.

ते ६० हजारवालं व्हिटॅमिन डी मी दर आठवड्याला घेतेच, चांगलंच असतं ना?

किती आठवडे झाले? हा माझा उलटा प्रश्न. डॉक्टर सहसा आठवड्याला एक असा ८ आठवड्यांचा वगैरे कोर्स देतात आणि मग कमी करतात. लोक मेडिकलमधून परत परत आणतात, वर्षानुवर्षं. त्याहून वाईट म्हणजे आठवड्याला एक लिहिलेलं रोज एक घेतलं जातं, म्हाताऱ्या माणसांत विशेष, कारण बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. वर कोणी ६ लाख युनिटचं इंजेक्शन घेऊन आलेलं असतं कंबरदुखीसाठी.

व्हिटॅमिन डी चरबीत साठतं, लघवीवाटे पटकन जात नाही. लॅबमध्ये मी व्हिटॅमिन डी १५० च्या वर गेलेले रिपोर्ट पाहिलेत, कॅल्शियम १३ आणि किडनीचा आकडा म्हणजे क्रिएटिनिन वाढलेलं, माणूस उलट्या आणि बद्धकोष्ठतेने हैराण. गोळी बंद केल्यावरही उतरायला आठवडे, कधी महिने लागतात. आजी-आजोबांच्या डब्यावर वार लिहून ठेवा, रविवार म्हणजे रविवार.

गाठ आहे सांगितलंय पॅराथायरॉइडची. कॅन्सर आहे का? ऑपरेशन लागतंच का?

कॅन्सर फार म्हणजे फारच क्वचित, शंभरात एकही नाही. बहुतेक वेळा, शंभरात ८० ते ८५ जणांत, चारपैकी एकाच दाण्याची साधी गाठ असते.

ऑपरेशन कोणाला सुचवतात तर मुतखडा झालाय, हाड मोडलंय किंवा डेक्सामध्ये हाडं ठिसूळ आलीत, किडनीचं काम कमी झालंय, कॅल्शियम नॉर्मलच्या वरच्या टोकापेक्षा १ ने जास्त आहे, किंवा वय ५० च्या आत आहे, यातलं एखादं जरी असलं तरी. बाकीच्यांना नियमित तपासण्या करत लक्ष ठेवता येतं.

सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन हे गाठ कुठे आहे ते बघायला असतात, आजार आहे की नाही ते ठरवायला नाही. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणजे आजार नाही असं होत नाही, निदान रक्तावरूनच होतं. आणि सर्जन असा निवडा जो ही ऑपरेशनं नेहमी करतो, कारण दाणे कधीकधी जागेवर नसतात, छातीतही जाऊन बसलेले असतात. अमेरिकेत एका जहाजाच्या कप्तानाची अशी गाठ १९३२ मध्ये सातव्या ऑपरेशनमध्ये छातीत सापडली होती, तोवर त्याची उंची हाडं पिचून कित्येक इंचांनी कमी झालेली. आता ती वेळ येत नाही. गाठ काढल्यावर १० मिनिटांनी तिथल्या तिथे पीटीएच तपासतात, निम्म्याहून खाली आलं की बहुतेक बरोबर गाठ निघालीय. मगाशी म्हटलं ना दोन-चार मिनिटांत निम्मं होतं, त्याचा हा उपयोग.

मावशीची गाठ मला दाखवली होती, सोललेल्या शेंगदाण्याएवढी, तांबूस, सलाईनच्या छोट्या बाटलीत. सहा वर्षांचे मुतखडे आणि गुडघे त्या शेंगदाण्यात होते.

ऑपरेशननंतर ओठांभोवती मुंग्या येतायत, चालतं ना?

चालत नाही, लगेच फोन करा. गाठ काढल्यावर उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम भराभर ओढून घेतात, आणि उरलेले दाणे इतके दिवस झोपलेले असतात त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. मावशीला तिसऱ्या दिवशी सुरू झालं, आधी ओठ, मग बोटांची टोकं, मग हात असा आखडला की अंगठा आत आणि बोटं चिकटून सरळ, बांगड्या भरताना कासार हात दाबतो ना तसा. कॅल्शियम ७.१. शिरेतून द्यावं लागलं.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतरही हे होतं, कारण दाणे तिथेच मागे चिकटलेले असतात, त्यांचा रक्तपुरवठा दुखावतो. बहुतेकांचं काही आठवड्यांत भरून येतं, काहींना मात्र कायम कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल घ्यावं लागतं. कॅल्सिट्रिऑल म्हणजे व्हिटॅमिन डी चं ते चालू रूप, कारण पीटीएच नसेल तर किडनी ते स्वतः पुरेसं बनवत नाही. या लोकांनी प्रवासाला जाताना गोळ्या बॅगेत नाही, पर्समध्ये ठेवाव्यात, एक दिवस चुकला तरी त्रास होतो.

मुलाला फिट येते, गोळ्या चालू आहेत, यात कॅल्शियमचा काय संबंध?

असू शकतो. काहींचे दाणे ऑपरेशन न होताही काम करत नाहीत, शरीराचीच प्रतिकारशक्ती त्यांना मारते किंवा जन्मतः गडबड असते. अशा रुग्णांना फिट येते, लहान वयात मोतीबिंदू होतो, सीटी स्कॅनमध्ये मेंदूत कॅल्शियमचे ठिपके दिसतात. कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त, पीटीएच कमी, हे त्रिकूट. साधी सीरम कॅल्शियमची टेस्ट स्वस्त आहे, फिटच्या पेशंटची झालेली नसेल तर डॉक्टरांना नक्की विचारा, फिटची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

मॅग्नेशियमही बघायला सांगा. मॅग्नेशियम फार कमी असेल तर दाणे पीटीएच सोडतच नाहीत आणि कितीही कॅल्शियम द्या आकडा वर येत नाही. अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हे होऊ शकतं.

कॅल्शियम नॉर्मल पण पीटीएच ९०. घाबरू का?

घाबरू नका, पण कारण शोधा. ठाण्या-मुंबईकडे याचं नेहमीचं कारण व्हिटॅमिन डी ची कमतरता. आतड्यातून कॅल्शियम कमी येतंय म्हणून दाणे जोर लावून हाडातून काढतायत, पंप सारखा चालू आहे असं समजा. दुसरं कारण किडनीचा आजार, म्हणून क्रिएटिनिन सोबत बघतात.

आता ऊन तर आपल्याकडे रग्गड आहे, मग कमतरता का? सकाळी ७.१२ ची लोकल, दिवसभर एसी ऑफिस, संध्याकाळी अंधार पडल्यावर घरी, पावसाळ्याचे चार महिने ढग, आणि सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, व्हिटॅमिन डी बनवणारे किरण काच अडवते. आणि ते कोवळं ऊन! उपवनला, तलावपाळीला सकाळी साडेसहाला चालणारे सगळे म्हणतात आम्ही रोज ऊन घेतो. चालणं उत्तमच आहे पण त्या उन्हात हवे ते किरण जवळजवळ नसतात. आपली सावली आपल्यापेक्षा लहान पडते तेव्हाचं ऊन कामाचं, म्हणजे साधारण ११ ते २. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरे, भाजून घ्यायचं नाही.

खायचं काय?

मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम धरतात, पाळी गेलेल्या बायकांना १२००. १०० मिली दुधात साधारण १२०, आणि १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास. तीळ तर त्याच्याही पुढे. राजगिरा, शेवग्याचा पाला, ताक, दही. मासे खाणारे असाल तर काट्यासकट खाता येणारे बारीक मासे, मोतके, मांदेली, सुकट, जवळा. पालकात कॅल्शियम असतं पण त्यातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं, फारसं अंगी लागत नाही.

मुतखडा झालेल्यांनी दूध-दही पूर्ण सोडू नये. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं, ते बंद केलं तर ऑक्झलेट लघवीत वाढतं आणि खडा व्हायला मदतच होते.

कॅल्शियमची गोळी कधी घ्यायची?

कार्बोनेट असेल तर जेवणासोबत, कारण त्याला पोटातलं अॅसिड लागतं. सिट्रेट कधीही चालतं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही. पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० लिहिलेलं असेल तर त्यात खरं कॅल्शियम ५०० च असतं, हे बघून घ्या. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात ४ तासांचं अंतर, लोहाची गोळीही वेगळ्या वेळी.

रक्त द्यायला जाताना काय सांभाळायचं?

हे माझं क्षेत्र, म्हणून जरा सविस्तर.

दंडाला रबर बांधून फार वेळ ठेवलं, मूठ उघडझाप करत बसलात तर कॅल्शियम खोटंच थोडं वाढतं. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी सांगा, कारण बऱ्याच मशीनवर बायोटिनमुळे पीटीएच खोटं कमी येतं, डॉक्टर दोन-तीन दिवस ते बंद ठेवायला सांगतील.

अल्ब्युमिन सोबत करा. रक्तातलं साधारण निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं आणि कामाचं असतं ते मोकळं. आजारी, अशक्त माणसाचं अल्ब्युमिन कमी असतं म्हणून एकूण कॅल्शियम कमी दिसतं. ४ मधून अल्ब्युमिन वजा करायचं, ०.८ ने गुणायचं आणि कॅल्शियममध्ये मिळवायचं. कॅल्शियम ७.९ आणि अल्ब्युमिन २.५ असेल तर हिशोब ९.१ येतो, म्हणजे ठीक आहे. शंका राहिली तर आयोनाइज्ड म्हणजे ते मोकळं कॅल्शियमच मोजतात.

आणि टोपीचा रंग. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणूनच त्यात रक्त गोठत नाही. ती हिमोग्लोबिनसाठी, कॅल्शियमसाठी पिवळी किंवा लाल. एकदा आमच्याकडे नवीन मुलाने पिवळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं त्यात ओतलं. मशीनवर कॅल्शियम ३.१ आणि पोटॅशियम १३. असे आकडे असलेला माणूस जिवंत नसतो आणि ते आजोबा तर बाहेर बाकावर पेपर वाचत बसलेले. त्यांना आत बोलावून, सांगून, परत रक्त घेतलं, ९.६ आलं. तर आकडा तुमच्या तब्येतीशी अजिबातच जुळत नसेल तर लॅबला परत लावायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे, पण मुंग्या, आखडलेले हात, गुंगी असं काही असेल तर दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. आणि घरून रक्त घ्यायला मुलगा आला की ट्यूबवर नाव तुमच्यासमोर लिहायला सांगा, रक्त काढायच्या टेबलावरच, खाली गाडीवर बसल्यावर नाही.